अन्नपूर्णा महिला मंडळ

अन्नपूर्णा महिला मंडळ ही मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना आहे. तिची स्थापना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये केली.

पार्श्वभूमी

कोकण, सातारा, कोल्हापूर इत्यादी भागांतून आलेले अनेक गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून लालबाग-परळ परिसरातील खोल्यांत दाटीवाटीने राहत. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय चाळीतील स्त्रिया करीत. त्यांपैकी पुष्कळ जणी कामगारांच्याच घरच्या होत्या. गिरण्यांतील स्त्री कामगारांची संख्या विसाव्या शतकात घटत गेल्यावर घरबसल्या करता येण्याजोग्या मोजक्या कामांपैकी हे एक उरले.

या व्यवसायाचे खरे दुखणे उधारीचे होते. कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर देत. धान्य, तेल, रॉकेल मात्र रोज लागे. मधल्या दिवसांसाठी वाण्याकडे खाते ठेवावे लागे किंवा सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घ्यावे लागत. दागिने व भांडी गहाण पडत. संपकाळात पगार थांबला तरी जेवण थांबवता येत नसे, त्यामुळे संपाचा मोठा भार या स्त्रियांनीच उचलला. कामगार चळवळीच्या इतिहासलेखनात त्यांना मिळालेली जागा त्या मानाने फारच थोडी आहे.

कार्य

गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या पुरव पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करीत होत्या. बँकांचे १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर लहान व्यावसायिकांना कर्ज देण्याचे धोरण आले होते. पण खाणावळवालीकडे तारण नव्हते, आणि तिच्या कामाला व्यवसाय म्हणून मान्यताही नव्हती. मंडळाने स्त्रियांचे गट करून परस्पर हमीची पद्धत अवलंबली. प्रारंभी १४ स्त्रियांना बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळाले. कर्ज स्त्रीच्या स्वतःच्या नावावर असे, ही बाब रकमेइतकीच महत्त्वाची मानावी लागेल. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा प्रायोगिक कार्यक्रम याच्या बराच नंतर, १९९२ मध्ये सुरू झाला.

गिरणी संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपामुळे हजारो कामगार गावी परतले. जेवणारेच गेल्याने खाणावळींचा आधार तुटला आणि अनेकींची उधारी बुडाली. मंडळाने सामूहिक स्वयंपाकघर, कार्यालयांना डबे पुरवणे व मागणीनुसार खाद्यपदार्थ तयार करणे या कामांवर भर दिला.

पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री पुरस्कार देण्यात आला.