माळ्यावरचा संगणक आणि दारावरचा डोळा

मागच्या महिन्यात सांगलीला आईकडे गेलो होतो. तिच्या बोळात दोन घरी चोऱ्या झालेल्या, आणि बाबा गेल्यापासून आई एकटीच असते. म्हटलं कॅमेरे बसवून टाकू. मी लगेच कागदावर नकाशा काढला. एक दारावर, एक मागच्या परसात, एक हॉलमध्ये. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दारावर लाव, परसात लाव. घरात नको. मी काय चोर आहे का?" आणि थोड्या वेळाने, "ते चित्र जातं कुठे रे?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, उत्तर तयार असायला हवं होतं. नव्हतं. माळ्यावर बाबांचा जुना संगणक धूळ खात पडला होता. रेकॉर्डिंगला तो चालेल म्हणून खाली काढला आणि पुसता पुसता ह्या प्रकरणाचा इतिहास आठवत बसलो. गंमत अशी, की आईचे दोन्ही प्रश्न त्या इतिहासात पहिल्यापासून आहेत. कॅमेऱ्याने बघायचं कुणाकडे, आणि चित्र राहणार कुणाच्या ताब्यात?

सुरुवात करू न्यूयॉर्कपासून. तिथल्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाच्या नर्स राहत. पती आल्बर्ट ब्राऊन इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, त्यामुळे मेरीबाई बऱ्याचदा रात्री घरी एकट्या. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलावलं तरी यायला उशीर. १९६६ मध्ये दोघांनी मिळून पेटंटचा अर्ज केला, २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आणि चित्र बघायला झोपायच्या खोलीत पडदा. बाहेरच्या माणसाशी बोलायची सोय, मदत बोलवायला बटण आणि दूरूनच दार उघडायची युक्तीसुद्धा!

इथे एक गोष्ट नीट बघा. कॅमेरा बाहेर बघतोय, आणि पडदा आहे तो घाबरलेल्या माणसाच्या उशाशी. दार उघडायचं की नाही हे तिने ठरवायचं. आजच्या सगळ्या 'स्मार्ट' बेलांचं मूळ ह्याच पेटंटात सापडतं.

पण त्यात भर होता बघण्यावर. साठवणं ही वेगळीच डोकेदुखी. दुकानांत आणि बँकांत त्यासाठी व्हिडिओ कॅसेट वापरत. तीन तासांच्या कॅसेटवर चोवीस तास बसवायचे, म्हणून टेप सावकाश फिरवायची आणि अधूनमधूनचीच चित्रं टिपायची. रोज कॅसेट बदला, जुनीच पुसून पुन्हा वापरा. महिन्याभरात चित्र असं होई, की चोर आहे की दूधवाला ते कळू नये.

मग आला संगणक, आणि तोही चोरासाठी नाही, कॉफीसाठी! १९९१ ची गोष्ट. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम'बाहेर कॉफीचं एकच यंत्र. वेगवेगळ्या मजल्यांवरून लोक जिने उतरून यायचे आणि भांडं रिकामं. क्वेन्टिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की ह्यांनी भांड्यासमोर कॅमेरा रोखला आणि तिथल्याच एका संगणकातल्या चित्र पकडणाऱ्या कार्डाला जोडला. चित्र केवळ १२८ बाय १२८ ठिपक्यांचं, काळं-पांढरं, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर गेलं आणि जगभरचे लोक एक कॉफीचं भांडं बघत बसले. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. यंत्राचा लिलाव झाला तेव्हा जर्मनीच्या 'श्पीगेल'ने ३,३५० पौंड मोजले. आपल्याकडे भंगारवाल्याने काय दिलं असतं ते सांगायला नको :)

त्या सुमारास आपल्याकडेही बऱ्याच संगणकांत टीव्ही बघायचं स्वस्त कार्ड असे. त्यातल्या पुष्कळ कार्डांवर बीटी८७८ नावाची चिप असायची आणि लिनक्सला ती ओळखता येई. साधा कॅमेरा त्या कार्डाला जोडला की घरचा संगणक रेकॉर्डर व्हायला तयार. अडचण होती ती डिस्कची. हिशोब करून बघा. ६४० बाय ४८० चं रंगीत चित्र न दाबता ठेवलं तर साधारण ६ लाख १४ हजार बाइट. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे १५ मेगाबाइट. ४० जीबीची डिस्क पाऊण तासाच्या आत भरली! चित्र दाबून ३० किलोबाइटवर आणलं आणि सेकंदाला पाचच घेतली, तरी दिवसाला १३ जीबी. म्हणजे तीन दिवस.

ह्यावरची युक्ती अगदी सोपी आहे. लागोपाठच्या दोन चित्रांची ठिपक्याला ठिपका वजाबाकी करायची. फरक पडलेले ठिपके ठराविक संख्येपेक्षा जास्त असतील तरच लिहायचं, नाहीतर फेकून द्यायचं. दिवसातून तासभर हालचाल असेल तर तेच ४० जीबी दोन महिने पुरतात. २००० च्या सुमारास येरून फ्रेकेन ह्यांनी सुरू केलेला 'मोशन' हा प्रोग्रॅम हेच करतो. पण झाडाची फांदी हलली तरी तो बिचारा जागा होतो. २००२ मध्ये फिलिप कूम्ब्स ह्या प्रोग्रॅमरच्या गॅरेजमधून हत्यारं चोरीला गेली. बाजारात मिळणारं सॉफ्टवेअर त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःच 'झोनमाइंडर' लिहायला घेतलं. त्यात चित्राचे भाग पाडून कुठल्या भागावर लक्ष ठेवायचं ते सांगता येतं. दोन्ही प्रोग्रॅम फुकट, आणि दोन्हींचे कोड कुणीही वाचावेत.

पुढे तयार डब्यांचं युग आलं. आणून जोडा, फोनवर बघा. त्याची किंमत २०१६ मध्ये कळली. 'मिराय' नावाच्या उपद्व्यापी प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड वापरून जगभरचे असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याच माऱ्याने 'डाइन' ही इंटरनेटवर पत्ते शोधून देणारी कंपनी कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससकट कितीतरी सेवा अडकल्या. दाराची राखण करणाऱ्या डोळ्यांना मालक कोण तेच माहीत नव्हतं!

असो. बाबांच्या संगणकाकडे वळतो. हल्लीचे कॅमेरे चित्र स्वतःच दाबून पाठवतात, त्यामुळे जुन्या संगणकाला आलेलं नुसतं लिहायचं असतं. सेकंदाला २ मेगाबिट धरलं तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला साडेएकवीस जीबी. एक टीबीच्या डिस्कवर दोन कॅमेऱ्यांचे तीन आठवडे सहज बसतात. डिस्क मात्र नवी घेतली, चोवीस तास लिहिण्याचा भार जुनीवर नको. कॅमेऱ्यांना बाहेरच्या इंटरनेटची वाट राउटरवरच बंद केली. संगणक परत माळ्यावर, नाहीतर चोर पुरावा घेऊनच जायचा. तोटाही सांगतो. ६० वॅट धरले तर महिन्याला ४३ युनिट वीज जाते. जुना लॅपटॉप असेल तर तो बरा.

आता कुणी आलं की आई खुर्चीतूनच टीव्हीवर दार बघते. मला मात्र पुण्यात बसून काहीच दिसत नाही. खरं सांगायचं तर हॉलमधला तो तिसरा कॅमेरा चोरासाठी नव्हताच. आई औषध घेते का, पडली-बिडली तर नाही ना, ह्यासाठी होता. तिला ते पहिल्या मिनिटाला कळलं होतं, मला कळायला मेरीबाईंच्या पेटंटापर्यंत जावं लागलं.

तिसरा कॅमेरा दुकानात परत केला. रोज रात्री नऊला फोन करतो. औषध घेतलं का ते विचारतो, ती "हो" म्हणते. पडताळणीची सोय नाही.