मधुमेहातील प्रतिऑक्सिडीकारक संरक्षण : व्यायाम आणि खनिजे

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पेशींमध्ये ऑक्सिजनाची अतिक्रियाशील रूपे गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्यांना निष्प्रभ करणारी शरीराची यंत्रणा म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक संरक्षण. ते तोकडे पडल्यास ऑक्सिडीकारक ताण वाढतो. रक्तवाहिन्या, डोळ्यांतील दृष्टिपटल, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांना इजा होते.

यंत्रणा : सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एंझाइम सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, कॅटॅलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करतात. पहिल्याला तांबे व जस्त किंवा मँगॅनीज लागते, कॅटॅलेजला लोह आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम.

व्यायाम : चालताना स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. व्यायामाने ऑक्सिडीकारक द्रव्ये थोडा वेळ वाढतात. नियमित सरावात त्याच इशाऱ्यावर शरीर ही एंझाइमे अधिक बनवते. जर्मनीतील 2009च्या एका अभ्यासात व्यायामासोबत क आणि ई या प्रतिऑक्सिडीकारक जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेणाऱ्या तरुणांमध्ये इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. न घेणाऱ्यांमध्ये तो सुधारला. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालणे, सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, अशी सर्वसाधारण शिफारस आहे.

खनिजे : साखर आटोक्यात नसेल तर लघवीवाटे मॅग्नेशियम व जस्त जास्त जाते. मॅग्नेशियम इन्शुलिनच्या कार्यालाही लागते. कमतरता असेल तर ती भरून काढणे योग्य. नसताना गोळ्या घेणे निरुपयोगी, कधी घातकही. अमेरिकेतील एका चाचणीत रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण उलट जास्त आढळले (2007). जस्ताच्या दीर्घकाळच्या जादा मात्रेने तांब्याची कमतरता होते. मूत्रपिंडे अशक्त असल्यास मॅग्नेशियम रक्तात साचते.

तारापूर परिसर : हे रोजच्या जगण्यात कसे बसवायचे, याचे एक उदाहरण पाहू. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम चालते. रातपाळीने झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडतात व साखरेवर ताबा ठेवणे कठीण होते. अशा कामगाराने तासभर सवड मिळण्याची वाट पाहू नये. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास व्यायामाची वेळ डॉक्टरांशी ठरवावी आणि खिशात साखर ठेवावी. तळपायांची संवेदना कमी असल्यास अनवाणी चालू नये, पाय रोज तपासावेत.

खनिजांसाठी ताटाकडे आधी पाहावे. किनाऱ्यावरच्या मासळीतून सेलेनियम, कालवांतून भरपूर जस्त मिळते. याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या नाचणीतून, तसेच डाळी व तिळातून मॅग्नेशियम. नाचणीची आंबील केली की आंबवण्याने फायटेट (खनिजांचे शोषण अडवणारे द्रव्य) घटते आणि जस्त-लोह अधिक शोषले जाते. मात्र नाचणीतही पिष्ट असते, त्यामुळे ती भात-भाकरीच्या जागी घ्यावी, वर जोडीला नव्हे. उच्च रक्तदाब असल्यास खारवलेली मासळी टाळावी.

मूल्यमापन : संशोधनात या एंझाइमांची पातळी मोजतात, रुग्णाला त्या महागड्या तपासण्यांची गरज नसते. दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि वर्षातून एकदा डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची तपासणी करून घ्यावी. व्यायाम व आहार ही औषधांना जोड आहे. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये.