प्रवृत्त

‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल’ ही ओळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकालाही पाठ झालेली आहे. त्यातला ‘प्रवृत्त’ हा शब्द ‘वृत्’ या धातूचा. वृत् म्हणजे वळणे, फिरणे. त्याचाच सख्खा भाऊ ‘निवृत्त’. एक पुढे वळवतो, दुसरा मागे. कायद्याच्या मराठी पुस्तकात मात्र यासाठी ‘अपप्रेरणा’ हा शब्द आहे. तो लोकांच्या तोंडी बसला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. माणसाला कडेपर्यंत ढकलत नेण्याच्या कृतीत ‘प्रेरणा’ कसली?

या गुन्ह्याचे मूळ शोधत गेलो की आपण चितेपाशी पोचतो. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर-जनरल बेंटिंकने बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा केला. मुंबई इलाख्याने पुढच्याच वर्षी तसा कायदा केला. बंगालच्या कायद्यातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. विधवेच्या दहनाला मदत करणारा किंवा चिथावणी देणारा प्रत्येक जण सदोष मनुष्यवधाचा दोषी, मग ती स्वेच्छेने गेलेली असो वा नसो. तोवर सारे तिच्याकडे पाहत होते: तिचे धैर्य, तिची निष्ठा, तिचा निर्धार. कायद्याने पहिल्यांदा भोवती उभ्या असलेल्यांकडे पाहिले. लाकडे कोणी रचली? मंत्र कोणी म्हटले? माघारी वळू पाहणारीची वाट कोणी अडवली? बळजबरी केली असेल, किंवा नशा देऊन तिची शुद्ध घालवली असेल, तर देहदंडापर्यंतची वाट त्यात मोकळी होती.

तेव्हा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, या इलाख्यांबाहेर, भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता. हे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पण त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या आरंभी, चांद्याच्या गोंड राज्यात राणी हिराई नवरा बीरशहा याच्यामागे जगली. दत्तक रामशहा सज्ञान होईपर्यंत तिने राज्य सांभाळले आणि बीरशहाची समाधी बांधून घेतली. ही समाधी आजही अंचलेश्वर मंदिराजवळ उभी आहे. गोंड-माडिया समाजात विधवेने पुन्हा घर मांडणे रीतीला धरूनच असते. जिथे बाईला पुढचे आयुष्य आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते, तिथे तिला ढकलायला गर्दी जमत नाही.

१८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात सतीचे नाव गेले आणि गुन्हा साऱ्यांसाठी झाला. कलम ३०६: कोणाच्याही आत्महत्येस अपप्रेरणा दिली तर दहा वर्षांपर्यंत कैद. त्याआधीचे ३०५: मरणारा अठरा वर्षांखालचा, वेडा किंवा नशेत असेल तर फाशीपर्यंत शिक्षा. त्या ‘नशेत’मध्ये मला १८२९ चा धूर दिसतो.

चितेभोवतीची माणसे डोळ्यांना दिसत होती. घराच्या चार भिंतींआड उरतात ते शब्द, टोमणे, मागण्या. म्हणून १९८३ मध्ये पुरावा कायद्यात भर पडली: लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि सासरी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर न्यायालय अपप्रेरणेचे अनुमान काढू शकते. न्यायालयांनी दुसरी बाजूही जपली. शेजारच्या छत्तीसगडमधून गेलेल्या रमेश कुमार खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रागाच्या भरात, परिणाम मनात न धरता निघालेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. भांडणात ‘जा, मर’ म्हटल्याचा खटलाही पुढच्या वर्षी टिकला नाही. हे मला पटते. आत्महत्येचे कारण सहसा एक नसते, आणि दुःखी घराला कोणाचे तरी नाव हवे असते म्हणून एखाद्याला तुरुंगात धाडता येत नाही.

पण मग वरिष्ठाचा रोजचा पाणउतारा कशात मोजायचा? २०२१ च्या मार्चमध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठ अधिकाऱ्यावर ३०६ खाली गुन्हा नोंदला गेला, अटकही झाली. विदर्भातल्या वनखात्यात त्या दिवसांत दुसरे बोलणे नव्हते. चितेपासून निघालेले कलम उंबरा ओलांडून कचेरीत आले होते.

१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३०६ चे १०८ झाले. शिक्षा तीच, दहा वर्षांपर्यंत. आणि १८२९ मध्ये भोवतीच्यांना विचारलेला प्रश्नही तोच: ती वळू पाहत होती तेव्हा तुम्ही कुठे उभे होता?