हाताची तालीम

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळलेल्या सरहद्दीवरचे लोहमार्गाचे गाव. अशा मुलखात तालवाद्याची तालीम ग्रंथांत शोधू जाणे व्यर्थ होय. जत्रेतली हलगी विस्तवावर शेकून तिचे कातडे ताणून घ्यायचे, उजव्या हातातल्या टिपरूने ठेका धरायचा आणि डाव्या हातातल्या बारीक काडीने त्याची भर करायची, हे ज्ञान प्रामुख्याने मातंग समाजातील वडीलधाऱ्यांच्या मागे चालत चालतच मुलांच्या हातात उतरे. त्याला ना सनद होती, ना दरबारी इनाम.

दरबाराची कृपा लाभली ती पखवाजाला. वाईकडचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारी नावाजले, आणि सखारामपंत आगळे यांच्यासारख्या शिष्यांमुळे त्यांचे घराणे नांदले. या विद्येत डाव्या पुडीवर ओली कणीक थापून नाद खोल करावा, बोल आधी मुखाने पढावेत, मग ते विलंबित लयीत इतके घोटावेत की दुगुणीतही प्रत्येक अक्षर सुटे ऐकू यावे, असा दस्तूर होता. वेगाच्या हव्यासाने ही पायरी गाळणारे पुष्कळ. त्यांचा हात फिरतो, पण बोलत नाही. मुंबईत मुनीर खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले तबलावादक अहमदजान थिरकवा (निधन १९७६) पुढे गंधर्व नाटक मंडळीत आले, तेव्हा पखवाजाप्रमाणेच तबल्यातलीही निकासाची, म्हणजे बोल सुटे काढण्याची, शुद्धता नाट्यगृहातल्या सामान्य रसिकाच्याही कानी पडली.