आमची देवगिरीवर स्वारी

दौलताबादचा किल्ला पाहायला जायचे ठरले तेव्हा माझ्या गालावर साबण होता, म्हणून मला विरोध करता आला नाही. हिने स्वयंपाकघरातून सूचना मांडली, चिरंजिवांनी बाहेरच्या खोलीतून अनुमोदन दिले, कन्येने ‘वेरूळपण!’ अशी उपसूचना जोडली आणि मी तोंड धुऊन बाहेर येईपर्यंत ठराव मंजूर झाला होता. तारीख डिसेंबरातली धरली आणि आखणी माझ्याकडे आली. निर्णय इतरांचे आणि आखणी माझी, ही कामाची वाटणी आमच्या घरात लग्नापासून आहे.

मी ताबडतोब दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिले, त्याखाली ‘मोहीम देवगिरी’ लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. इथपर्यंत काम चोख झाले. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर किल्ला, पुढे खुलताबाद आणि जवळजवळ तेवढेच अंतर गेले की वेरूळ. म्हणजे एकाच दमात दोन्ही. पण वेरूळची लेणी मंगळवारी बंद आणि अजिंठ्याची सोमवारी, आणि चिरंजिवांना रजा मिळाली ती नेमकी सोमवार-मंगळवारची. हे वार कोणीतरी त्याच्या साहेबाशी बोलून ठरवलेले असावेत. तीन दिवस मी वार पुढेमागे सरकवत होतो.

चौथ्या दिवशी हिने मूळ प्रश्नालाच हात घातला. “त्या किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे, ते आधी सांगा. नाहीतर मागच्यासारखं व्हायचं. दोन बुरूज आणि एक माकड.”

मागच्या त्या किल्ल्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. पण हा प्रश्न मनाला लागला. ग्रंथालयातून चार जाडजूड पुस्तके आणली आणि रोज रात्री जेवणानंतर वाचून दाखवू लागलो. श्रोते पळून जाऊ नयेत म्हणून मी दाराजवळ बसत असे.

यादवांचा पाचवा भिल्लम याने ११८७च्या सुमारास ही राजधानी वसवली. शंकूसारखा एकटा उभा डोंगर, सुमारे सहाशे फूट उंच. त्याची खालची कड चहूबाजूंनी तासून काढलेली, दीडशे फुटांच्या आसपास सरळ भिंतीसारखी. घोरपडीचेसुद्धा तिथे काही चालणार नाही. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की वर जायला वाट एकच, आणि ती डोंगराच्या पोटातून. तिला अंधारी म्हणतात. भर दुपारी आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, वाट वळणावळणाची, पायऱ्या उंचसखल. त्यातूनही कोणी वरपर्यंत पोचलाच, तर तोंडावर लोखंडी झाकण आणि त्यावर पेटवायला आगटी.

“मग हा किल्ला पडला कसा?” हिने विचारले.

इतिहासाच्या परीक्षेत पाच गुणांना येणारा हा प्रश्न मला आजवर कोणी घरात विचारला नव्हता. मी खूश झालो.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. तेव्हा तो सुलतानही नव्हता. काकाला चंदेरीला जातो असे सांगून परस्पर दक्षिणेत उतरलेला पुतण्या होता. बरोबर सात-आठ हजार घोडेस्वार, पण मागून सुलतानाची वीस हजारांची फौज येते आहे अशी हूल त्याने उठवून दिली. यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेरगावी. रामदेवराय किल्ल्यात शिरला आणि दरवाजे लावून बसला. हाच तो रामदेवराय, ज्याच्या राज्यात सहाच वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी पुरी झाली होती. किल्ला अभेद्य होता, दम धरला असता तर काय झाले असते कोण जाणे. पण फिरिश्त्याने एक हकिकत लिहून ठेवली आहे. कोकणातून मीठ घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोणी किल्ल्याच्या आसपास पडल्या होत्या. धांदलीत त्या धान्याच्या समजून वर नेल्या गेल्या. वेढा पडल्यावर कोठाराची शिबंदी मोजायला गेले तर आत मीठ! तह करावा लागला. फिरिश्ता आकडा देतो सहाशे मण सोने आणि सात मण मोती. त्या काळचा मण आपल्या मणाहून हलका होता हे खरे, पण ते आमच्या घरात बोलण्यात अर्थ नव्हता.

“गोणी उघडून बघितल्या नाहीत?” ही म्हणाली.

“घाई होती.”

“सुतळी सोडायला किती वेळ लागतो? घरातल्या बाईला नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं तिनं. कोठीत काय आहे हे पुरुषांना कधी ठाऊक असतं का?”

यादव घराण्याच्या वतीने मी काही बाजू मांडणार, तेवढ्यात तिने मलाच उठवून फळीवरचे डबे ओळखायला लावले. रव्याचा म्हणून मी छातीठोकपणे जो सांगितला, त्यात धुण्याचा सोडा निघाला. त्या रात्रीचे वाचन तिथेच संपले. दुसऱ्या दिवशी मी १६३३चे प्रकरण काढले. मोगलांचा महाबतखान निजामशाहीच्या या किल्ल्याला वेढा घालून बसला, आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान होता, आणि सुमारे चार महिन्यांनी पुन्हा उपासमारीनेच किल्ला दिला गेला. ही काही बोलली नाही. वहीतले ‘खाणे’ हे पान मात्र फाडून घेतले आणि ते खाते आपल्याकडे वर्ग करून घेतले.

मुलांना आवडेल असा मजकूर मी पुढे पटापट उरकला: मेंढ्याच्या तोंडाची ती अजस्र तोफ, बहामन्यांच्या काळातला चाँदमिनार, गोवळकोंड्याचा तानाशहा १६८७नंतर मरेपर्यंत जिथे कैदेत होता तो चिनी महाल, शहाजहानसाठी १६३६त बांधलेली बारादरी. इब्न बतूतानेही या किल्ल्याची कैद वर्णिली आहे. तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे होते असे तो सांगतो. कन्येने आपले नाव गळते की काय असे वाटण्याइतका वेळ विचार केला आणि बॅटरीत नवे सेल घालायची अट घालून राहिली.

माझा स्वतःचा जीव मात्र मुहम्मद तुघलकात अडकला. शाळेत आम्हाला तो वेडा महंमद म्हणून शिकवला होता. आता आखणी करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले तर तो मला भाऊबंद वाटू लागला. १३२७ साली त्याने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी इथे आणायचे ठरवले. कल्पना काही वेडेपणाची नव्हती. साम्राज्य दक्षिणेत पसरले होते, दिल्ली एका टोकाला पडली होती. वाट चाळीस दिवसांची. तिच्यावर त्याने सावलीला झाडे लावली, मुक्कामाला जागा केल्या, दिल्लीत सोडलेल्या घरांचे मोल दिले. इतके तर आमच्या ऑफिसने माझी बदली केली तेव्हा मला मिळाले नव्हते. सगळी दिल्ली ओस पडली, मांजरकुत्रेही उरले नाही, असे जुने तवारीखकार लिहितात. हल्लीचे अभ्यासक म्हणतात की मुख्यतः सरदार, अंमलदार, विद्वान आणि सूफी यांनाच हलवले होते. त्यांतलेच बुऱ्हानुद्दीन गरीब खुलताबादला चिरनिद्रा घेत आहेत. पुढे काही वर्षांत राजधानी परत गेली, १३४७ साली याच दौलताबादेत बहामनी राज्य उभे राहिले, आणि बिचाऱ्याच्या वाट्याला म्हण आली.

“झाडं लावली, जागा केल्या, पैसे दिले,” मी पुस्तक मिटत म्हणालो, “अजून माणसाने करायचं तरी काय?”

“आणि मी?” आई म्हणाली.

ती देवघराच्या उंबऱ्यात उभी होती. किती दिवस ऐकत होती कोण जाणे.

इथे मला सांगितले पाहिजे की वहीच्या अकराव्या पानावर ‘आई – दोन दिवस मावशीकडे’ अशी नोंद मी पहिल्याच दिवशी केली होती. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. किल्ल्याला पायऱ्या साडेसातशेच्या आसपास. तिचे गुडघे आणि त्या पायऱ्या यांची गाठ घालून द्यायची कल्पनाही माझ्या मनात आली नव्हती. हे मी तिला नीट समजावून सांगितले. मावशीकडे तिची कशी छान सोय होईल हेही सांगितले.

“जनार्दनस्वामी तिथे वर आहेत,” ती म्हणाली.

चार पुस्तके वाचूनही हे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी, एकनाथांचे गुरू. ते गेले १५७५ साली, आणि त्यांची समाधी गडाच्या माथ्याजवळ, गुहेत आहे. पैठणचा पोरसवदा एकनाथ घर सोडून इथे त्यांच्यापाशी आला, त्यांच्याकडे हिशेबाचे काम करू लागला. एका रात्री एका पैची चूक सापडली म्हणून आनंदाने टाळ्या वाजवू लागला, तर गुरू जागे झाले, ही गोष्ट आईनेच मला लहानपणी गणिताला बसवताना शंभरदा सांगितलेली. गुरुवार हा दत्ताचा वार म्हणून किल्ल्याला सुट्टी त्या दिवशी असे म्हणतात, हेही तिचेच. नाथांच्या ज्या अभंगांत शेवटी गुरूचे नाव येते ते ती साठ वर्षे म्हणते आहे. ते नाव ज्या डोंगरावर आहे तिथे मी तोफ बघायला चाललो होतो.

“पण पायऱ्या…” मी म्हणालो.

“असू देत,” म्हणून ती आत गेली. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून उरलेले पुस्तक उघडले. त्यात इसामी भेटला. तुघलकाने दिल्ली सोडायला लावली तेव्हा हा सोळा वर्षांचा होता आणि त्याचे आजोबा नव्वद वर्षांचे. आजोबांनाही निघावे लागले, आणि पहिल्याच मुक्कामाला, तिलपतला, ते वारले. नातू दौलताबादेत राहिला, आणि १३५० साली त्याने पद्यात लिहून पुऱ्या केलेल्या इतिहासात सुलतानाला मनसोक्त शिव्या घातल्या. झाडे, मुक्काम, मोबदला, सगळे आखले होते. म्हाताऱ्याला विचारले नव्हते एवढेच. मी दिवा मालवला. तुघलकाने न्यायचा हुकूम काढला होता, मी न न्यायचा, हा फरक मला बराच वेळ मोठा वाटत होता, नंतर वाटेनासा झाला.

पहाटे साडेपाचला दाराचा आवाज आला. दूध आणायला आई जाते, त्यामुळे लक्ष दिले नाही. पण पुन्हा पावले वर आली, दारापाशी थांबली आणि खाली गेली. मी बाहेर डोकावलो. आमची इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. आई एका हाताने कठडा धरून उतरत होती, दुसऱ्या हातात जपमाळ.

“हे काय चाललंय?”

“हळू बोल, शेजारी झोपलेत. आपल्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत. चौदा खेपा लागतात. पहिल्या दिवशी दोन झाल्या, आज नऊ करीन म्हणते.” दर खेपेला ती एक मणी पुढे सरकवत होती. “तुझ्या वहीत आकडा साडेसातशेच आहे ना? हिशेब बघ बरं.”

मी मनात गुणाकार केला. सातशे छप्पन्न.

“सहा पायऱ्या जास्त होतात.”

“तेवढ्या अंधारीत चुकल्या तर उपयोगी पडतील,” ती म्हणाली. “आणि नाही झेपलं तर खाली भारतमातेच्या देवळात बसेन. पण ते तिथे गेल्यावर मी ठरवीन.”

मी आत जाऊन वही काढली, अकराव्या पानावरची ओळ खोडली आणि गाडीत पाचवी जागा मांडली. मग चपला घालून तिच्याबरोबर उतरलो. उतरताना काही वाटले नाही. चढताना दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा राहिलो. आई वरच्या वळणावर थांबली होती.

“सावकाश ये,” ती म्हणाली. “डिसेंबरला अजून दोन महिने आहेत.”