साष्टीचा ‘ल’

धीमी लोकल घाटकोपर सोडते आणि डब्यात घोषणा होते: मराठीत ‘विक्रोळी’, मागोमाग हिंदीत ‘विक्रोली’. अशा वेळी एखादा मराठी प्रवासी हमखास कुरकुरतो, ‘हिंदीनं आमचा ळ खाल्ला.’ घोषणेपुरतं ते खरं आहे, कारण प्रमाण हिंदीत ळ नाहीच. पण उपनगरात ळच्या जागी ल बोलणारी जुनी माणसं मात्र अस्सल इथलीच आहेत.

वेसाव्याच्या कोळ्यांचं किंवा मरोळ-गोराईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतलं बोलणं ऐकावं. कोळीवाडा तिथे ‘कोलीवारा’ होतो. ळचा ल आणि डचा र. होडीची ‘होरी’, घोड्याचा ‘घोरा’, आणि णचा न होऊन पाण्याचं ‘पानी’. डोळ्याचा मात्र ‘डोला’च, कारण शब्दाच्या सुरुवातीचा ड शाबूत राहतो. उच्चार गचाळ असता तर इतका नेम पाळला गेला नसता.

या बोलीची नोंदही बरीच जुनी आहे. मुंबईची उपनगरं ज्यावर वसली ते साष्टी बेट 1534 पासून सुमारे दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्यानं या उत्तर कोकणातल्या बोलीचं व्याकरण लिहिलं. ते हस्तलिखित पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिवारा यांनी 1858 मध्ये गोव्यात कोकणीच्या उत्तरेकडच्या बोलीचं व्याकरण म्हणून छापलं. पुढे ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 मध्ये आला. त्यात कोळी, आगरी, किरिस्ताव अशा बोली नोंदल्या गेल्या आणि किनारपट्टीवरचे हे ल, न, र त्यात दिसतात.

मग उपनगरात ठसठशीत ळ रुजला कसा? रूळ आणि शाळा यांच्या जोरावर. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, 1867 मध्ये विरारहून गाडी धावू लागली. 1896 च्या प्लेगनंतर शहरातली माणसं मोकळ्या हवेसाठी उत्तरेकडे सरकली. पार्ल्यात 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघालं. अशा शाळांतून क्रमिक पुस्तकांची भाषा घरोघरी गेली. देशावरून, तळकोकणातून आलेल्यांच्या मुलांनी ती उचलली आणि गावठाणातल्या मुलांना आपली बोली वर्गाबाहेर ठेवावी लागली. 1950 आणि 1957 मध्ये महापालिकेची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, तोवर ‘शुद्ध’ कोणतं याचा निकाल लागून गेला होता.

घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शेजाऱ्यांची गंमत आणखी निराळी. त्यांच्या भाषेत ळ आणि ण दोन्ही आहेत, त्यामुळे ‘विक्रोळी’ म्हणताना त्यांची जीभ अडखळत नाही. फरक कळतो तो ‘चमचा’ म्हणताना. आपण त्यातले दोन्ही च दाताशी नेतो, ते ‘चहा’तल्या चसारखे टाळूशी ठेवतात.

म्हणजे कोण बाहेरचं, हे नुसत्या ळवरून ओळखता येत नाही. शाळेत ळ जरूर शिकवावा. मराठी लिहायला तो हवाच. पण ‘कोलीवारा’ म्हणणाऱ्या मुलाला अशुद्ध बोलतोस म्हणून गप्प बसवू नये. साष्टीत त्याची बोली पार्ले टिळक विद्यालयाहून कितीतरी जुनी आहे.