द्राक्षरसातले केळे आणि लोणी

अर्धापूरच्या केळीच्या वखारीत जो गोडसर वास भरून राहिलेला असतो, त्यातला मुख्य घटक म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट हे एस्टर. केळ्याचा कधी स्पर्शही न झालेल्या पांढऱ्या वाइनमध्ये हाच रेणू सापडतो. तेथे तो यीस्ट तयार करते. पोलादी टाकीत १२ ते १५ अंश सेल्सियसला किण्वन केले, तर हा वास चांगला टिकतो. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात मात्र शार्दोने द्राक्षाचा रस ओक लाकडाच्या २२८ लिटरच्या पिंपातच आंबवण्याची प्रथा आहे. तेथे वाइन महिनोन्‌महिने राहते, केळ्याचा वास विरतो आणि लोण्याचा वास येऊ लागतो. हे लोणी कोठून आले?

उन्हाळा थंड गेला, की द्राक्षात मॅलिक आम्ल जास्त उरते. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा याच आम्लाचा. अशा वर्षीची नवी वाइन दात आंबवते. हिवाळाभर ती स्वस्थ असते. वसंतात पिंपातून पुन्हा बुडबुडे येतात आणि आंबटपणा उतरतो. वेलीत रस चढू लागला, की तळघरातल्या वाइनलाही त्याची ओढ लागते, अशी बागाईतदारांची समजूत होती. कल्पना सुंदर, पण खरे कारण तळघर उबदार होणे, एवढेच होते. कोणाला तरी त्या उबेने जाग येत होती.

पाश्चरने १८६६ च्या ग्रंथात वाइनमधले जीवाणू म्हणजे रोग, असे मांडले. वाइन नासवणाऱ्या जीवाणूंबाबत ते बरोबरच होते. १८९१ मध्ये हेरमान म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाने हा आंबटपणा जीवाणूच कमी करत असावेत, असे सुचवले. १९०१ मध्ये म्योसलिंगरने समीकरण दिले: १३४ ग्रॅम मॅलिक आम्लापासून ९० ग्रॅम लॅक्टिक आम्ल आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोन आम्लगटांचा एकच उरतो, म्हणून चव मवाळ होते. तरीही बोर्दोत हा जीवाणू उपकारक म्हणून रुजायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. त्यात एमिल पेनो यांचा वाटा मोठा. पाश्चरच्या नावाचा दबदबा याला थोडा कारणीभूत असावा, असे मला वाटते.

गंमत म्हणजे ही दोन्ही आम्ले शेले या एकाच रसायनशास्त्रज्ञाने वेगळी केली होती: लॅक्टिक १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून, मॅलिक १७८५ मध्ये सफरचंदाच्या रसातून. लोण्याचा वास डायॲसिटिलचा. आपल्या विरजणातले काही जीवाणू तेच बनवतात.

म्हणून थंड वर्षीच्या अशा शार्दोनेत लिंबू आणि हिरवे सफरचंद पुढे असते, मागून लोणी व ओकच्या लॅक्टोनचा खोबऱ्यासारखा वास येतो. लाकूड मात्र अपेक्षेपेक्षा कमी जाणवते. किण्वन पिंपातच झाले, तर यीस्ट ओकमधल्या व्हॅनिलिनचे जवळजवळ गंधहीन अल्कोहोल करून टाकते. तयार वाइन मागाहून पिंपात भरली, तर ही सोय राहत नाही.

आपल्याकडे अडचण उलटी. उष्णतेत द्राक्षमणी श्वसनातच मॅलिक आम्ल जाळून टाकतात. नाशिक-नारायणगावकडे ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोड, अशी रीत असल्याने थंडीच्या रात्री थोडे आम्ल वाचवतात. २००० साली नाशिकच्या सुलाने पहिल्या वाइन काढल्या, त्या शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांच्या. यांतली शेनिन उन्हातही आपला आंबटपणा बऱ्यापैकी राखून असते.